दर वेळी बोट लागते, गोळी घेऊनही लागते? मग हे तपासून बघा

शीडाच्या बोटीवर जाणाऱ्यांमध्ये ही तक्रार हमखास ऐकू येते. गोळी घेतली होती, आलं चघळलं, मनगटाला तो मळमळीवरचा बटणवाला पट्टापण बांधला, तरी किनारा दिसेनासा व्हायच्या आत कठड्यावर ओणवं व्हायची वेळ आली. पुढच्या वेळी परत तेच, त्याच्या पुढच्या वेळी परत तेच, आणि मग माणूस जाहीर करून टाकतो की मला समुद्र मानवत नाही, विषय संपला. थोड्या लोकांच्या बाबतीत हे खरंही असतं. पण बाकीच्यांचं नीट विचारून बघितलं तर उपाय बरोबर असतो आणि वेळ चुकलेली असते, म्हणजे जे आदल्या रात्री करायचं ते मळमळायला लागल्यावर केलेलं असतं, आणि जांभया यायला लागल्या तेव्हाच जागा बदलायला हवी होती तिथे "होईल बरं" म्हणून तसंच बसून राहिलेलं असतं. त्यामुळे मी खाली तक्रारींप्रमाणे लिहितोय, तुमची जी असेल ती शोधा.

त्याआधी हे होतं कसं ते थोडक्यात, कारण ते कळलं की अर्ध्या गोष्टी आपोआप सुचतात. कानाच्या आत तोल सांभाळणारी यंत्रणा असते, तीन अर्धवर्तुळाकार नळ्या डोकं फिरलं की सांगतात, आणि शेजारचे दोन छोटे भाग वरखाली, पुढेमागे जाणं आणि गुरुत्वाकर्षण ओळखतात. बोटीवर कान सांगतो की आपण वर चाललोय, आता खाली, आता तिरपे, आणि डोळ्यांसमोर मात्र केबिनची भिंत असते जी आपल्याबरोबरच हलत असल्यामुळे स्थिर वाटते. मेंदूला हा हिशोब जुळत नाही आणि त्याचा राग तो पोटावर काढतो. पोट हे शेवटचं स्टेशन आहे, सुरुवात तिथे नाही.

कानाचाच हा खेळ आहे हे कळायला एक भारी किस्सा आहे. १९५०च्या दशकाच्या शेवटी अमेरिकन नौदल आणि नासाने गॅलॉडेट कॉलेजमधल्या अकरा कर्णबधिर पुरुषांवर प्रयोग केले, त्यातल्या दहा जणांच्या कानातली तोलाची यंत्रणा लहानपणी मेंदूज्वराने निकामी झालेली होती. कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या थंड खवळलेल्या समुद्रात फेरीबोटीवर नेलं तर ही मंडळी आरामात पत्ते खेळत बसली आणि प्रयोग करणारे शास्त्रज्ञच इतके आजारी पडले की प्रयोग रद्द करावा लागला. म्हणजे ज्याचा कान शाबूत आहे त्या कुठल्याही माणसाला पुरेसा हलवला तर बोट लागू शकते, कमीजास्त एवढाच फरक. ब्रिटिश नौदलाच्या ॲडमिरल नेल्सनला आयुष्यभर लागायची, डार्विन १८३१ ते १८३६ बीगल जहाजावर होता आणि शेवटपर्यंत त्रासला. तेव्हा लाज वगैरे वाटून घ्यायचं काही कारण नाही. उलट लाजेपायी लपवतात तेच सगळ्यात आधी आडवे होतात, कारण लपवण्यात जो तास जातो तोच कामाचा असतो.

"गोळी घेतली होती हो, काही उपयोग झाला नाही"

कधी घेतली? नव्वद टक्के उत्तर इथेच असतं (आकडा माझ्या मनाचा आहे, पण तुम्ही आसपास विचारून बघा). बोट लागायला लागली की जठराचं काम मंदावतं, त्यातलं पुढे आतड्याकडे सरकायचं जवळजवळ थांबतं. आणि गिळलेली गोळी शोषली जाते मुख्यतः आतड्यात. म्हणजे मळमळ सुरू झाल्यावर घेतलेली गोळी जठरात तशीच पडून राहते आणि पुढच्या उलटीबरोबर समुद्रात जाते. मग आपण म्हणतो की गोळी फालतू आहे.

प्रत्येक औषधाची स्वतःची वेळ आहे, पाकिटावर लिहिलेली असते, पण बोटीवर चढताना सामानाच्या गडबडीत ते पाकीट बॅगेच्या तळाशी असतं. साधारण असं धरा. सिनारिझिन मोठ्या माणसाला निघायच्या दोन तास आधी ३० मिलिग्रॅम आणि मग दर आठ तासांनी १५. मेक्लिझिन तासभर आधी २५ ते ५० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. डायमेनहायड्रिनेट अर्धा ते एक तास आधी ५० ते १०० मिलिग्रॅम, पण त्याचा असर चार ते सहा तासच, म्हणून सकाळी घेऊन दुपारी लागली तर आश्चर्य नको, दुसरा डोस राहिलेला असतो. प्रोमेथाझिन आदल्या रात्री झोपताना २५ मिलिग्रॅम आणि सकाळी परत, पण हे चांगलंच झोपवतं. स्कोपोलामिनचा पॅच, ज्याला हायोसिनपण म्हणतात, तो कानामागे कोरड्या आणि केस नसलेल्या जागी लावायचा, निघायच्या निदान चार तास आधी, आदल्या संध्याकाळी लावला तर अजून चांगलं, मग तीन दिवस बघायला नको. पॅचचा मोठा फायदा हाच की औषध पोटातून जातच नाही.

मी स्वतः आदल्या रात्रीच सुरुवात करायच्या पक्षाचा आहे, औषध कुठलंही असो. सकाळी सहाला निघायचं असेल तर पाचला उठून उपाशी पोटी गोळी गिळून धावपळ करण्यापेक्षा रात्री जेवून एक डोस आणि सकाळी दुसरा, पण दोन डोसमधलं अंतर पाकिटावर दिलंय तेवढं ठेवूनच. आणि एका वेळी एकच औषध. गोळी चालली नाही म्हणून वर दुसरी, त्यावर पॅच, असं केलं की मळमळीचं माहीत नाही पण गुंगी आणि गोंधळ नक्की वाढतो.

अजून एक गडबड म्हणजे चुकीचीच गोळी. सर्दी-ॲलर्जीवरच्या झोप न आणणाऱ्या ज्या नवीन गोळ्या आहेत, सेटिरिझिन, फेक्सोफेनाडिन वगैरे, त्या बोटीसाठी काही कामाच्या नाहीत. जुन्या, झोप आणणाऱ्या अँटीहिस्टामिन, म्हणजे ॲलर्जीवरच्याच जुन्या गोळ्या, मेंदूत शिरतात म्हणूनच काम करतात. तसंच ऑन्डान्सेट्रॉन, उलट्यांवरचं एकदम नावाजलेलं औषध, घरात सगळ्यांना माहीत असतं, पण हालचालीमुळे होणाऱ्या मळमळीवर ते फारसं चालत नाही. बरीच मंडळी त्याच्यावर विसंबून निघतात.

जाता जाता, डायमेनहायड्रिनेटचा हा उपयोग योगायोगानेच सापडला. १९४७ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये अंगावर पित्त उठतं म्हणून एका गरोदर बाईला ते ॲलर्जीचं औषध म्हणून दिलं होतं, तिच्या लक्षात आलं की हल्ली ट्राममध्ये मळमळत नाही. मग त्याच वर्षी अटलांटिक ओलांडणाऱ्या सैनिकी जहाजावर हजाराहून जास्त सैनिकांवर चाचणी झाली आणि औषध प्रसिद्ध झालं.

कोणी काय घेऊ नये हेही इथेच सांगून टाकतो. काचबिंदू असेल, विशेषतः बंद कोनाचा, किंवा प्रोस्टेट वाढून लघवीला त्रास होत असेल तर पॅच आणि या गोळ्यांआधी डॉक्टरला विचारा. पार्किन्सन असेल तर सिनारिझिन नको. वयस्कर माणसाला पॅचने भ्रम होऊ शकतो. पॅच लावल्यावर हात साबणाने धुवा, तोच हात डोळ्याला लागला तर बाहुली मोठी होते आणि धूसर दिसतं, आणि बोटीवर कोणाची एकच बाहुली मोठी दिसली की सगळे घाबरतात. पॅचने तोंडालाही कोरड पडते. गरोदर बायकांनी काहीही स्वतःच्या मनाने घेऊ नये. आणि दारूबरोबर यातलं काहीच नको.

"मळमळ नाही, पण दिवसभर नुसता झोपाळलेला"

दोन कारणं असू शकतात आणि दोन्ही सारखीच दिसतात. एक म्हणजे औषधाची गुंगी. दुसरं म्हणजे बोट लागण्याचाच एक प्रकार, ज्यात मळमळ नसते किंवा नावापुरती असते, पण जांभया, सुस्ती, कशात मन न लागणं, चिडचिड, कोणाशी बोलूच नये असं वाटणं हे सगळं असतं. १९७६ मध्ये ग्रेबिएल आणि नेप्टन या दोघांनी याला सोपाइट सिंड्रोम असं नाव दिलं. ओळखायचं कसं, तर निघायच्या आठवडाभर आधी सुट्टीच्या दिवशी घरीच ती गोळी घेऊन बघा, गाडी मात्र चालवू नका. घरीही तसंच झालं तर गोळी बदला. घरी ठणठणीत आणि बोटीवर सुस्त, तर ती बोट लागलेलीच आहे आणि खालचे उपाय तुमच्यासाठीही आहेत. ही घरची ट्रायल फार कमी लोक करतात, आणि पहिल्यांदाच घेतलेल्या गोळीने कोणाला कसं होईल हे भर समुद्रात कळण्यात काही मजा नाही.

जांभयांवरून आठवलं, सुरुवातीची लक्षणं ओळखायला शिका. उलटी ही फार उशिराची गोष्ट आहे. त्याच्या आधी जांभया, तोंडाला पाणी सुटणं, कपाळावर गार घाम, चेहरा पांढराफटक, ढेकर, डोकं जड, आणि एक म्हणजे बोलका माणूस एकदम गप्प होणं. स्वतःचं कळत नाही पण दुसऱ्याचं लगेच दिसतं, त्यामुळे बोटीवर ठरवूनच टाका की कोणी गप्प झालं की त्याला हातात सुकाणू द्यायचं. विचारायचं नाही, द्यायचं.

"हातात सुकाणू असलं की ठीक, नुसतं बसलं की लागते"

हे अगदी बरोबर आहे आणि हाच सगळ्यात स्वस्त उपाय आहे. सुकाणू धरणाऱ्याला लाट यायच्या आधी दिसते, बोट आता कुठे झुकणार हे त्याच्या शरीराला आधीच माहीत असतं, म्हणून मेंदूचा हिशोब जुळतो. गाडी चालवणाऱ्याला गाडी लागत नाही आणि मागे बसून मोबाईल बघणाऱ्याला लागते ते याचमुळे. सुकाणू एकच आणि माणसं पाच असतील तर बाकीच्यांनी निदान तोंड प्रवासाच्या दिशेला करून क्षितिजाकडे बघत बसायचं, आणि कंबरेतून लाटेबरोबर झुलायचं, म्हणजे बोट तिरपी झाली तरी डोकं सरळ राहील असं. अंग ताठ धरून बसलेल्या माणसाला लवकर लागते.

जागेचं म्हणाल तर बोटीच्या मध्याच्या आसपास, जितकं खाली तितकं चांगलं, पण बाहेर उघड्यावर. पुढचं टोक सगळ्यात वाईट, तिथे वरखाली अंतर सगळ्यात जास्त. फोटो काढायला म्हणून पुढे जाऊन बसणारे लोक असतात, त्यांना पंधरा मिनिटांत परत आणा.

दुर्बीण, मोबाईल, नकाशा, पुस्तक, सुई-दोरा, गाठ सोडवत बसणं, इंजिनच्या खोलीत डोकं घालून काहीतरी शोधणं, हे सगळं खात्रीने लावणारं आहे. दुर्बिणीचं लोकांच्या लक्षात येत नाही कारण ती लांबचंच दाखवते, पण ती हलणंही मोठं करून दाखवते. रात्री क्षितिज दिसत नाही तेव्हा किनाऱ्यावरचा दिवा किंवा खाली आलेला एखादा ठळक तारा धरायचा, काळ्या पाण्याकडे बघत बसायचं नाही.

"डेकवर काही होत नाही, खाली गेलं की संपलं"

ही तक्रार मी सगळ्यात जास्त ऐकतो आणि याच्यावर तयारी हाच उपाय आहे. खाली जावं लागतं कशाला? जॅकेट आणायला, बाथरूमला, काहीतरी खायला, चार्ट म्हणजे समुद्राचा नकाशा बघायला, झोपायला. यातलं पहिलं, तिसरं आणि चौथं बंदरात असतानाच निपटता येतं. वारा लागणारच आहे तर जॅकेट आधीच अंगावर किंवा कॉकपिटमध्ये, म्हणजे सुकाणूजवळच्या उघड्या बसायच्या जागेत, हाताशी. पाणी, बिस्किटं, सनस्क्रीन, टोपी, पिशव्या, टॉर्च एका बॅगेत वर. पहिल्या दिवसाचं जेवण किनाऱ्यावरच बनवून डब्यात, कारण हलत्या ओट्यासमोर, गॅस आणि फोडणीच्या वासात, खाली मान घालून उभं राहणं म्हणजे तीन कारणं एकत्र. मार्गही नांगर उचलायच्या आधीच आखून ठेवा.

बाथरूमला जायचंच आहे, तर वरच ठरवा की खाली जाऊन काय काय करायचंय, आणि ते एका दमात करून परत वर या. जास्तीचे कपडे वरच काढा. पुरुषांनीही बसूनच उरकावं, पडून डोकं फुटण्यापेक्षा बरं, आणि वास पण कमी राहतो. "जरा इथे बसतो आणि मग वर जातो" हे खाली म्हणायचं नाही, कारण मग वर जाणं होत नाही.

झोपायला जायचं तर वेगळा नियम. खाली उतरल्यावर बसू नका, उभे राहू नका, बूट काढले की सरळ आडवे, पाठीवर, डोळे मिटून, डोकं उशांमध्ये घट्ट की इकडेतिकडे हलणार नाही. डोळे मिटले की मेंदूकडे येणारी एक बाजू बंद होते आणि पाठीवर झोपल्यावर तसंही कमी त्रास होतो. पण डोळे मिटणं म्हणजे पूर्ण इलाज नाही, अंध माणसालाही बोट लागते. बिछाना मधला आणि खालचा निवडा, पुढच्या टोकाची केबिन दिसायला छान असते पण चालू बोटीत ती सामान ठेवायला वापरावी असं माझं मत.

"जोराच्या वाऱ्यात ठीक होतो, वारा पडल्यावर लागली"

नवीन माणसाला हे उलटं वाटतं पण यात विचित्र काही नाही. १९७०च्या दशकात माणसांना बंद खोलीत बसवून ती खोली वेगवेगळ्या गतीने वरखाली करून बघितली, तेव्हा दिसलं की सगळ्यात वाईट हालचाल म्हणजे सेकंदाला साधारण ०.२ आवर्तनं, म्हणजे एक पूर्ण वरखाली व्हायला पाचएक सेकंद. त्याहून बरीच जलद, सेकंदाला एक किंवा जास्त, अशी आदळआपट झाली तर हाडं दुखतात पण मळमळ फारशी होत नाही. म्हणून छोट्या होडीत बारीक लाटांवर उडत जाताना लोक मजेत असतात आणि लांबून आलेल्या, दिसायला शांत अशा मोठ्या लाटांवर तीच माणसं हिरवी पडतात. वारा पडला की शीडं लोंबतात, बोटीला एका बाजूला धरून ठेवणारा दाब जातो, लाटा मात्र तशाच राहतात आणि बोट दोन्हीकडे डोलायला लागते. वर इंजिन चालू केलं की मागून येणाऱ्या वाऱ्यात डिझेलचा धूर कॉकपिटमध्ये.

यात कप्तानाच्या हातात बरंच असतं आणि तो ते विसरतो. मोठं शीड मधोमध ताणून ठेवलं तर डोलणं कमी होतं, इंजिनवर जात असाल तरी. दिशा वीस-तीस अंश बदलून बघा, लाट वेगळ्या कोनातून आली की तिच्याशी गाठ पडण्याचा वेळ बदलतो, थोडं अंतर वाढतं पण माणसं परत बोलायला लागतात. वाऱ्याच्या तोंडावर आदळत जात असाल तर शीड कमी करून वेग उतरवा. आणि अगदीच सगळे आडवे झालेत तर पुढचं शीड उलट्या बाजूने भरून, सुकाणू विरुद्ध बांधून बोट जवळजवळ उभी करता येते, हालचाल एवढी मंदावते की लोकांना विश्वास बसत नाही, त्यात जेवून घ्या, पाणी प्या, तासभर काढा आणि मग पुढे चला. हे किनाऱ्यापासून लांब, मोकळ्या पाण्यातच करायचं अर्थात, कारण बोट हळूहळू वाहत राहते. नांगरावर डोलत असाल तर मागून दुसरा नांगर टाकून बोटीचं तोंड लाटेकडे वळवता येतं.

खाण्यापिण्याचं. पोट रिकामं ठेवलं की उलटी होणार नाही हा समज मला कळतच नाही, रिकाम्या पोटी उलटी होतेच, फक्त पित्त पडतं आणि जास्त त्रास होतो. ठासून भरलेलंही नको. आदल्या दिवसापासून तेलकट, मसालेदार, आंबट कमी, दारू अजिबात नाही. दारू कानातल्या यंत्रणेलाच गडबडवते आणि हँगओव्हर घेऊन बोटीवर चढणं म्हणजे अर्धी बोट किनाऱ्यावरच लागलेली. सकाळी साधं काहीतरी, मग दर तासा-दोन तासांनी दोन बिस्किटं, केळं, कोरडा ब्रेड. झोप मात्र भरपूर हवी, आदल्या रात्री पॅकिंग करत दोनपर्यंत जागलेल्याला हमखास लागते. गारवा बरा, उकाडा वाईट, तोंडावर वारा घ्या.

आलं आणि पट्ट्याबद्दल विचारतातच. आल्याने काहींना बरं वाटतं, अभ्यासांचे निकाल मिळतेजुळते नाहीत, नुकसान फारसं नाही, त्यामुळे घ्या, पण रक्त पातळ करणारी औषधं चालू असतील तर आल्याच्या कॅप्सूलचं आधी विचारा. मनगटाच्या पट्ट्याचा पुरावा कच्चा आहे. बांधायचाच असेल तर निदान बटण मनगटाच्या घडीपासून तीन बोटं वर, हाताच्या आतल्या बाजूला दोरीसारख्या ताठ लागणाऱ्या मधल्या दोन स्नायूबंधांच्या मध्ये येऊ दे. त्यापेक्षा लक्ष देऊन हळू, एकसारखा श्वास घेण्याने फरक पडतो असं प्रयोगांत दिसलंय, आणि ते फुकट आहे.

"आता सुरूच झाल्या उलट्या, पुढे काय?"

पहिलं काम सुरक्षितता. कठड्यावरून वाकून उलटी करताना माणूस पाण्यात पडणं हे खरंच होतं, आणि त्यावेळी तो अशक्त, गुंगीत असतो. म्हणून लाइफजॅकेट आणि हार्नेस (बोटीला बांधून ठेवणारा पट्टा) अंगावर, त्याचा हुक बोटीला अडकवलेला, आणि शक्यतो बादली. बादलीला दोरी बांधलेली. बाजूनेच करायची तर वाऱ्याच्या खालच्या बाजूने, म्हणजे वारा जिकडे वाहतोय तिकडच्या, हे सांगायला नको पण सांगावं लागतं. बाथरूममध्ये कोंडून घेऊ नका, तिथे हवा नाही, क्षितिज नाही, आणि बाहेरच्यांना तुमचं काय चाललंय तेही कळत नाही.

उलटी झाल्यावर थोडा वेळ खूप बरं वाटतं. हीच खिडकी आहे, वाया घालवू नका. तोंड धुवा, घोटभर पाणी, आणि मग एक तर सुकाणूवर या किंवा पाठीवर आडवे व्हा. पाणी एकदम ग्लासभर नको, दर पाच मिनिटांनी एक-दोन घोट, शक्यतो ओआरएसचं. पाकीट नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. मिठाचं माप जास्त होऊ देऊ नका. या टप्प्यावर गिळायची गोळी बहुतेक वाया जाते, त्यामुळे लांबच्या प्रवासाला जाणाऱ्यांनी पॅच, गालात धरून विरघळणारी गोळी किंवा गुदद्वारातून द्यायचं औषध डॉक्टरला विचारून बरोबर ठेवावं.

गंभीर कधी समजायचं? सहा-आठ तास लघवी नाही किंवा गडद पिवळी अगदी थोडी, उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी, बोलण्यात असंबद्धपणा, उलटीत रक्त, पोटात नीट बोट दाखवता येईल असं दुखणं, ताप. हे असेल तर ही नुसती बोट लागलेली नाही किंवा ती हाताबाहेर गेलीय, बंदर गाठा, रेडिओवर डॉक्टरी सल्ला मागा. मधुमेह, अपस्मार, हृदयाच्या गोळ्या चालू असलेल्यांचं वेगळं लक्ष ठेवा, कारण उलटीत ती औषधंपण जातात, आणि इन्सुलिन घेऊन पोटात काही टिकत नसेल तर साखर धोकादायक खाली जाऊ शकते. गर्भनिरोधक गोळीचंही तेच, उलटीत गेली की तिच्यावर भरवसा नाही.

आजारी माणूस थंडही पटकन पडतो, त्याला ओलं बसू देऊ नका, पांघरूण घाला, आणि "मला इथेच मरू द्या" असं म्हणेल त्याकडे दुर्लक्ष करून घोट पाजत राहा. त्या अवस्थेत माणसाला स्वतःच्या जिवाची पर्वाच उरत नाही, म्हणून त्याचा हुक दुसऱ्याने तपासायचा. जीवरक्षक तराफ्यात जायची वेळ आली तर बोट न लागणाऱ्यांनीही लगेच गोळी घ्यायची, तराफा बोटीपेक्षा कितीतरी वाईट हलतो आणि पाणी मोजकं असतं, जहाजांवरच्या तराफ्यांच्या किटमध्ये या गोळ्या आणि पिशव्या उगाच ठेवलेल्या नसतात.

लहान मुलांचं एवढंच, दोन वर्षांखालच्यांना क्वचित लागते, दोन ते बाराच्या मधल्यांना सगळ्यात जास्त. त्यांना मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका, पॅच तर नाहीच, बालरोगतज्ज्ञाकडून वजनाप्रमाणे डोस घ्या. काही मुलं या औषधांनी झोपायच्या ऐवजी उलट चेकाळतात, म्हणून घरची ट्रायल इथेही. अर्धशिशी असणाऱ्यांना, आणि बायकांना पाळीच्या आसपास जास्त त्रास होतो, त्यांनी वाट न बघता आधीच औषध घेतलेलं बरं.

"पहिल्या दिवशी दर वेळी, तिसऱ्या दिवशी ठणठणीत"

मग तुमचं शरीर व्यवस्थित काम करतंय. बहुतेकांचा मेंदू दोन-तीन दिवसांत नवीन हिशोब शिकतो. अडचण अशी की आपण शनिवारी निघून रविवारी परत येतो, म्हणजे नेमके वाईट दोन दिवस भोगून चांगला दिवस यायच्या आत घरी, आणि महिनाभराने मेंदू सगळं विसरलेला. मोठा प्रवास असेल तर आदल्या एक-दोन रात्री नांगर टाकून बोटीवरच झोपा, पहिला टप्पा छोटा आणि वारा मागून-बाजूने असेल असा ठेवा, पहिल्या रात्री पहारे दोन-दोन तासांचेच लावा आणि दोघेच असाल तर दोघेही एकदम आडवे झाले तर कुठल्या बंदरात शिरायचं ते आधी ठरवा. सीझनच्या सुरुवातीला दर आठवड्याला थोडं थोडं गेलं तर महिन्यातून एकदा खूप जाण्यापेक्षा जास्त फायदा होतो. ब्रिटिश हवाई दलात विमान लागणाऱ्या वैमानिकांना असंच रोज थोडं थोडं फिरवून सवय लावतात.

आणि सवय झाली की किनाऱ्यावर उतरल्यावर जमीन हलायला लागते, आंघोळ करताना भिंत धरावी लागते, रात्री गादी डोलते. हे साधारण एक-दोन दिवसांत जातं, त्याला औषध लागत नाही, चालत राहा, लांब बघा. महिना उलटला तरी डोलणं गेलं नाही आणि गंमत म्हणजे गाडीत बसलं की तेवढ्यापुरतं बरं वाटतं असं होत असेल तर ते वेगळं दुखणं आहे, कान-नाक-घशाच्या किंवा मेंदूच्या डॉक्टरला बोटीवर गेलो होतो हे आठवणीने सांगा, नाहीतर ते बीपी आणि मानेचे मणके तपासत बसतात.